मंगेश नदीपार का गेला?

तुमच्यापैकी कितीतरी जणांचं कुलदैवत गोव्यात असेल. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा. लग्न झालं की जोडीनं जायचं, ओटी भरायची, अभिषेक करायचा. पण यातला एकही देव आज आपल्या मूळ गावात नाही. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची.

[नकाशा: जुवारी नदी, अलीकडे सासष्टी, पलीकडे अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा भाग]

ही तिन्ही गावं जुन्या सासष्टीतली. देव गेले नदीपलीकडे, फोंड्याच्या बाजूला. तिथे तेव्हा अंमल कुणाचा? विजापूरच्या आदिलशहाचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘हा धर्म विरुद्ध तो धर्म’ एवढ्यावर ही गोष्ट उलगडत नाही.

देऊळ म्हणजे नुसता गाभारा नव्हे. गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीतला काही भाग देवाच्या नावे असायचा, त्याला नमशी म्हणत. त्या उत्पन्नावर पूजा चालायची, पुजारी आणि वाजंत्री जगायचे. आता दुसरी बाजू बघा. पोपनं पोर्तुगालच्या राजाला ‘पाद्रोआदो’ दिला होता: बिशप राजानं सुचवायचे, चर्च राजानं बांधायची, पाद्र्यांचा खर्चही राजानंच करायचा. मग पैसा कुठून आणायचा?

1540 साली पोर्तुगिजांनी तिसवाडीतली, म्हणजे त्यांच्या ताब्यातल्या गोवा बेटाच्या भागातली देवळं पाडली. 1541 मध्ये गावकारांना, म्हणजे गावकरीच्या हक्कदारांना बोलावून नमशीचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यासाठी लिहून घेतलं. ज्या शेतावर देवाचा दिवा तेवायचा, त्याच शेतावर आता पाद्री तयार करणारं कॉलेज चालू लागलं. माझ्या मते सगळ्यात खोल घाव हा होता. पाडलेलं देऊळ लोक पुन्हा बांधतात, पण जमीनच गेली तर बांधायचं कशाच्या जोरावर?

1543 मध्ये बारदेश आणि सासष्टी पोर्तुगिजांकडे आले. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, आणि त्याच सुमाराला मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला. 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली.

सासष्टीतल्याच कुंकळ्ळीच्या लोकांनी मात्र हात उचलला. 1583 मध्ये तिथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले. मग गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि कापून काढलं. त्यानंतर गावाच्या जमिनी जप्त करून एका पोर्तुगीज उमरावाला दिल्या. इथेही शेवट जमिनीवरच येतो. हे वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं.

पुढे दोनशे वर्षांत पोर्तुगिजांचा जोर ओसरला. 1739 मध्ये मराठ्यांनी त्यांना पार टेकीला आणलं. फोंडा तोवर सोंद्याच्या राजाकडे होता. 1763 मध्ये हैदर अलीपुढे हरलेला हा राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला आणि फोंडा त्यांच्या हाती लागला. म्हणजे ज्यांच्यापासून पळून मंगेश इथे आला होता, तेच त्याच्या दारात येऊन उभे राहिले. पण या वेळी त्यांनी शब्द दिला: इथली देवळं, इथले रीतिरिवाज आणि देवाचं उत्पन्न, कशालाच हात लागणार नाही.

मंगेश अजून प्रियोळलाच आहे.