कम्पायलर गप्प बसतो तिथे

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत 'एल्म ०.१८ वरून ०.१९ वर जाण्याच्या पायऱ्या' असं छापलंय (एल्म म्हणजे ब्राउझरमधली अ‍ॅप्स लिहायची भाषा), आणि पायऱ्या मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक मुद्दा मनापासून मांडायचा आहे. आवृत्ती बदलताना कम्पायलर, म्हणजे आपला कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, जिथे ओरडतो ते काम सोपं. शे-दीडशे चुका आल्या तरी ओळ नंबर समोर असतो, बहुतेकदा उपायही सुचवलेला असतो, आणि एकेक करत त्या संपतात. घात होतो तो कम्पायलर गप्प बसतो तिथे. त्या जागा आधीच माहीत असल्या तर तुमचं अर्धं काम झालं.

०.१८ आलं नोव्हेंबर २०१६ मध्ये, ०.१९ ऑगस्ट २०१८ मध्ये आणि ०.१९.१ ऑक्टोबर २०१९ मध्ये. मधल्या काळात लिहिलेली छोटी अ‍ॅप्स आपल्या भागात अजून चालू असतात. पॅकहाउसमधला क्रेटचा हिशेब, कांद्याच्या गाड्यांची नोंद, काटापट्टीवरून हिशेबपट्टी काढणारं एक पान. हजार-दोन हजार ओळी, जावास्क्रिप्टशी बोलणारे एक-दोन पोर्ट, डेटा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच मशीनवर. मी बोलतोय ते याच मापाच्या अ‍ॅपबद्दल.

सगळ्यात आधी तारीख, कारण यात सगळ्यात जास्त नुकसान होतं.

०.१८ मध्ये डेट नावाचं मॉड्यूल होतं. त्याला तास विचारला की ते मुकाट्याने त्या मशीनवरची स्थानिक वेळ द्यायचं. सोयीचं होतं, पण एकच फंक्शन नाशिकला एक उत्तर देणार आणि दुबईला दुसरं, हे एल्मच्या तत्त्वात बसत नव्हतं. ०.१९ मध्ये एल्म/टाइम आलं. क्षण वेगळा, टाइम झोन वेगळा. तास, दिवस, महिना, काहीही हवं असेल तर आधी झोन हातात द्या. रचना उत्तम आहे. अडचण अशी की झोन मागितल्यावर हाताशी सगळ्यात सोपं काय असतं, तर टाइम.यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ते लिहिलं की प्रकार जुळतात आणि कम्पायलर खूश होतो. अधिकृत मार्गदर्शिकेतलं घड्याळाचं उदाहरणसुद्धा यूटीसीनेच सुरू होतं, पण लगेच पुढच्या ओळीत टाइम.हिअर, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनचा झोन, मागवून दुरुस्ती करतं. लोक पहिला अर्धा भाग उचलतात, दुसरा राहून जातो.

पुढे काय होतं ते पाहा. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद आदल्या दिवशी पडते. कचेरीत बसून अकरा वाजता तपासलं तर तारीख बरोबर, दुपारी बरोबर, रात्री दहालाही बरोबर. हात वर करा, पहाटे पाचला आपलं अ‍ॅप कुणी कुणी उघडून पाहिलंय? अच्छा, द्राक्षवाले तेवढे दिसतायत! दिंडोरी-निफाडकडे उन्हाच्या आत माल काढायचा म्हणून माणसं भल्या पहाटे बागेत असतात. पाच वाजून दहा मिनिटांनी पहिल्या क्रेटची नोंद झाली की यूटीसीत अकरा चाळीस वाजलेले असतात, आदल्या रात्रीचे. त्या दिवसाची मजुरी दोन तारखांत फुटते आणि संध्याकाळी क्रेट जुळत नाहीत. मग मुकादम आणि मालक एकमेकांवर संशय घेतात. चूक दोघांचीही नसते. आणि एक एप्रिलच्या पहाटे फाडलेलं बिल? ते एकतीस मार्चला पडतं, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. म्हणून या मुद्द्यावर मी इतका रेंगाळतोय.

उपाय दोन. अ‍ॅप इथल्याच माणसांसाठी असेल तर मॉडेलमध्ये, म्हणजे अ‍ॅप स्वतःची माहिती ठेवतं तिथे, पहिल्या क्षणापासून टाइम.कस्टमझोन ठेवा. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, ३३० आणि रिकामी यादी. ३३० म्हणजे मिनिटं, साडेपाच तासांची. यादी रिकामी, कारण भारतात उन्हाळी वेळ नाही आणि घड्याळ कधी मागेपुढे होत नाही. वापरणारे बाहेरगावी, परदेशी असतील तर टाइम.हिअर घ्या. पण तो टास्क आहे, उत्तर किंचित उशिरा येतं. तोवर काही जतन करू नका. मॉडेलमध्ये झोन 'मेबी', म्हणजे 'असेल किंवा नसेल', म्हणून ठेवलात तर ते कम्पायलरच तुम्हाला विसरू देणार नाही.

तपासायला पहाटे उठायची गरज नाही. मिलिसेकंदांवरून क्षण बनवणाऱ्या टाइम.मिलिस-टू-पॉझिक्सला १७४३४६४४००००० हा आकडा द्या. एक एप्रिल २०२५, पहाटे पाच दहा असं उत्तर येतंय का, हे पडताळा. तुमच्या फंक्शनने एकतीस मार्च सांगितलं तर झोन चुकलाय.

आता आकड्यांकडे. स्ट्रिंग.टू-इंट ०.१८ मध्ये रिझल्ट द्यायचं, काय चुकलं त्याचा संदेशही सोबत यायचा. ०.१९ मध्ये ते मेबी देतं, म्हणजे आकडा तरी किंवा नथिंग तरी. बदलताना लोक रिझल्ट.विथ-डीफॉल्ट शून्यच्या जागी मेबी.विथ-डीफॉल्ट शून्य, म्हणजे 'आकडा नाही मिळाला तर शून्य धरा', असं लिहून मोकळे होतात. आपल्याकडे मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावलेला असतो आणि माणूस '४५' देवनागरीत टाइप करतो. टू-इंटला फक्त इंग्रजी अंक कळतात. उत्तर नथिंग, म्हणजे शून्य क्रेट, आणि पडद्यावर कुठेही तक्रार नाही. हा दोष जुन्या आवृत्तीतही होताच, पण त्या ओळीला हात लागतोच आहे तर आत्ताच मिटवा. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५, इंग्रजी शून्याचा ४८. तेवढ्या पट्ट्यातल्या अक्षरातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. स्ट्रिंग.मॅपमध्ये चार ओळींचं काम. आधी स्ट्रिंग.ट्रिम लावा, कारण मागेपुढे एक जागा सुटली तरी नथिंगच येतं. आणि शून्य गृहीत धरण्याऐवजी चौकट लाल करा.

भागाकाराच्या बाकीचंही तसंच. टक्क्याचं चिन्ह गेलं, मॉड-बाय आलं, आणि क्रम उलटा झाला: भाजक आधी, भाज्य नंतर. गाडीत वीस-वीसची थप्पी, ४५ क्रेट आले, सुटे किती? मॉड-बाय २० ४५, उत्तर पाच. घाईत उलटं लिहिलंत तर उत्तर वीस. दोन्ही पूर्णांक, कम्पायलरला काही खटकत नाही. क्रेट शून्य असतील तर उलटं लिहिलेलं मॉड-बाय अ‍ॅपच बंद पाडतं. कोड नीट मांडून देणारं एल्म-फॉरमॅट अपग्रेडच्या पर्यायासह चालवलंत तर ते क्रम बरोबर लावतं. हाताने बदलू नका.

टू-स्ट्रिंग नेहमीच्या कोडमधून काढून फक्त डीबगपुरतं ठेवलं ते योग्यच झालं. ऑप्टिमाइझ केल्यावर कम्पायलर रेकॉर्डमधली नावं आखडतो, तिथे कशाचीही स्ट्रिंग करून देणारं फंक्शन टिकणार कसं? पण जुना डेटा पाहा. ०.१८ मध्ये स्ट्रिंगलाच टू-स्ट्रिंग लावलं तर तिच्याभोवती अवतरणचिन्हं यायची. शेतकऱ्याचा क्रमांक स्ट्रिंग असेल आणि लोकल स्टोरेजची किल्ली (नोंद ज्या नावाखाली साठते ते) अशी बनवली असेल, तर ती किल्ली अवतरणांसकट साठलेली आहे. नव्या कोडमध्ये किल्ली स्वच्छ होते आणि जुनी नोंद सापडत नाही. माणसाला वाटतं, सगळा हिशेब पुसला गेला. तसंच थॉमसन, सोनाका अशा वाणांच्या प्रकाराला टू-स्ट्रिंग लावून साठवलं असेल, तर नवं फंक्शन लिहिताना जुनं स्पेलिंग अक्षरन् अक्षर तेच ठेवा.

चहाची खूण झालेली दिसतेय. मग पायऱ्या झटपट सांगतो, लिहून घ्या.

गिटमध्ये नवी शाखा काढा. एल्म-स्टफ फोल्डर पुसा. ०.१९.१ प्रोजेक्टच्या आतच बसवा, मशीनभर नको. एल्म-अपग्रेड चालवा. ते एल्म-पॅकेज.जेसनचं एल्म.जेसन करतं आणि एल्म-फॉरमॅटही लावतं. सर्व्हरशी बोलायला एचटीटीपी वापरत असाल तर एल्म/एचटीटीपी आधी १.०.० वरच ठेवा. तिथे एचटीटीपी.सेंड अजून आहे, २.० मध्ये ते गेलं. दोन उड्या एकदम मारू नका.

मग कम्पाइल. एचटीएमएल.प्रोग्रॅमच्या जागी ब्राउझर.एलिमेंट, बिगिनर-प्रोग्रॅमच्या जागी ब्राउझर.सँडबॉक्स. एलिमेंटमध्ये इनिट आता फंक्शन आहे, फ्लॅग (जावास्क्रिप्टकडून सुरुवातीला येणारी माहिती) नसले तरी रिकामा कंस घ्यावाच लागतो. स्टाइलला जोड्यांची यादी नाही, एकेक गुणधर्म. नेटिव्ह मॉड्यूल (एल्मच्या आत थेट घुसवलेलं जावास्क्रिप्ट) असेल तर ते काम पोर्टवर न्या, दुसरा रस्ता शोधण्यात वेळ घालवू नका.

जावास्क्रिप्टच्या बाजूला एम्बेडचं इनिट होतं आणि नोड नावाने द्यायचा. इथे पुन्हा कम्पायलर गप्प: जुन्यात अ‍ॅप त्या डिव्हच्या आत बसायचं, नव्यात त्या डिव्हचीच जागा घेतं. त्याच्या आयडीवर लावलेलं सीएसएस गळून पडतं. उपाय म्हणजे आत एक रिकामा डिव्ह ठेवा आणि तो द्या.

ब्राउझर.अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे पानाचे पत्तेही एल्मच सांभाळतं ती पद्धत, घेत असाल तर पानावरच्या लिंकवरचे साधे क्लिक एल्म स्वतःकडे घेतं. आपल्याच सर्व्हरवरच्या बिलाच्या पीडीएफची लिंकसुद्धा 'इंटर्नल' ठरते आणि पुश-यूआरएलने नुसता पत्ता बदलतो, फाइल उतरत नाही. त्या लिंकला डाउनलोड गुणधर्म लावा, मग एल्म तिला हात लावत नाही. आणि 'एक्स्टर्नल'ची फांदी रिकामी सोडू नका, तिथे ब्राउझर.नॅव्हिगेशन.लोड हवं, नाहीतर बाहेरच्या लिंका मुक्या होतात.

सगळं चाललं की ऑप्टिमाइझ लावून पुन्हा कम्पाइल करा. कुठे डीबग राहिला असेल तर आता कम्पायलर अडवेल. शेवटी चालू मशीनवरच्या लोकल स्टोरेजची एक प्रत काढा, ती नव्या अ‍ॅपमध्ये भरा, आणि मागच्या हंगामातला एक दिवस उघडून क्रेटची बेरीज जुन्या पानाशी ताडून पाहा. ती जुळेपर्यंत जुनं अ‍ॅप सर्व्हरवरून काढू नका.