सीमेखालचा वायू कोणाचा? : सामाईक तेलसाठे, स्पर्धा आणि नियमन

श्रोतेहो, तेलाच्या अर्थकारणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दरांभोवती फिरते. पिंपाचा भाव कुठवर चढला, पेट्रोलवर कर किती, आयातीचे देणे किती वाढणार, इथेच ती थांबते. आज मला त्याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्याविषयी बोलायचे आहे : जमिनीखालचे तेल किंवा वायू कोणी, किती आणि कोणत्या वेगाने वर काढायचा. या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी आणि कायद्याच्या अभ्यासकांनी जे काम केले आहे, त्यातून माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. सामाईक साठ्याच्या वाटणीचा नियम साठा सापडण्याआधी, म्हणजे कोणाच्या पदरात काय पडणार हे कोणालाच ठाऊक नसताना, ठरवावा लागतो. नंतर ठरवू म्हटले, तर तो वाटाघाटीत ठरत नाही आणि न्यायालयात जाऊन पडतो.

तेल भूगर्भात तळे करून साचलेले नसते. सच्छिद्र खडकाच्या बारीक पोकळ्यांमध्ये ते प्रचंड दाबाखाली अडकलेले असते, त्याच्या वर अनेकदा वायूचा थर असतो आणि खाली पाणी. विहीर पाडली की तिथला दाब उतरतो आणि आजूबाजूचा द्रव त्या दिशेने सरकू लागतो. वर जमिनीवर कोणाच्या हद्दीची खूण कुठे आहे, याच्याशी त्या द्रवाला काही देणेघेणे नसते. शेजाऱ्याने अधिक खोल बोअर घेतल्यावर आपली विहीर आटलेली पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेलाच्या बाबतीत मात्र आणखी एक गुंतागुंत आहे. घाईने उपसा केला की साठ्यातला दाब अकाली संपतो, पाणी वेडेवाकडे आत शिरते आणि जे तेल सावकाश काढले असते तर सहज वर आले असते, ते खडकातच अडकून राहते. म्हणजे प्रश्न केवळ तुझे किती आणि माझे किती, एवढाच नसतो. भांडणाच्या पद्धतीवर एकूण किती तेल हाती लागणार हेही अवलंबून असते.

अमेरिकेत जमिनीचा मालक तिच्या पोटातल्या खनिजाचाही मालक असतो. १८८९ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वायूच्या मालकीचा वाद आला, तेव्हा न्यायाधीशांनी वायूला रानटी जनावराच्या पंक्तीत बसवले : ते ज्याच्या जमिनीत शिरेल आणि ज्याच्या ताब्यात येईल, त्याचे. विहीर तुमच्या हद्दीत असली म्हणजे पुरे, तिच्यातून येणारा वायू काल शेजाऱ्याच्या जमिनीखाली होता की नाही, हे विचारायचे नाही. शेजाऱ्यानेही हवी तर विहीर खणावी. न्यायालयाच्या दृष्टीने ही सोय होती, कारण त्या काळच्या भूशास्त्राला जमिनीखाली काय कुठून कुठे सरकते हे सिद्ध करता येत नव्हते. अर्थकारणाच्या दृष्टीने मात्र हा प्रत्येकाला शर्यतीत ढकलणारा आदेश होता. जो थांबेल त्याचे तेल जाईल.

या शर्यतीचे सर्वांत भयंकर दर्शन पूर्व टेक्सासमध्ये घडले. ऑक्टोबर १९३० मध्ये कोलंबस जॉइनर या सत्तर वर्षांच्या, भांडवल कमी आणि बोलणे गोड असलेल्या गृहस्थाच्या विहिरीला तेल लागले. मोठ्या कंपन्यांच्या भूशास्त्रज्ञांनी हा प्रदेश निकामी ठरवला होता, त्यामुळे जमिनीचे भाडेपट्टे शेकडो लहान धारकांच्या हाती विखुरलेले होते. पुढे लक्षात आले की हे सुमारे १ लाख ४० हजार एकरांवर पसरलेले एकच सलग क्षेत्र आहे. किलगोर गावात तर एका एकराच्या तुकड्यात २४ मनोरे उभे राहिले. महामंदी आधीच सुरू होती, त्यात हे तेल बाजारात ओतले गेले आणि १९३१ च्या उन्हाळ्यापर्यंत पिंपाचा भाव १० सेंटांच्या आसपास घसरला. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी लष्करी कायदा पुकारून नॅशनल गार्डच्या तुकड्या तेलक्षेत्रात धाडल्या आणि विहिरी बंद करायला लावल्या. हे गृहस्थ पूर्वी स्वतः हंबल या मोठ्या तेलकंपनीच्या संस्थापकांपैकी होते, तेव्हा लहान उत्पादकांनी या कारवाईकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना करता येते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही लष्करी कारवाई बेकायदा ठरवली.

योगायोग असा की अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांचा संपुष्टात येणाऱ्या साधनसंपत्तीवरील प्रसिद्ध लेख याच १९३१ सालचा आहे. खाणीचा मालक आज माल काढायचा की उद्यासाठी राखायचा हे कसे ठरवील, आणि म्हणून खनिजाचे मूल्य व्याजदराच्या गतीने का वाढावे, याचे सुबक गणित त्यात आहे. ते गणित आजही शिकवले जाते आणि शिकवलेच पाहिजे. पण त्याचा पाया असा आहे की खाणीला एक मालक आहे आणि त्याने राखून ठेवलेला माल उद्या त्यालाच मिळणार आहे. पूर्व टेक्सासमधल्या कोणालाही ही खात्री नव्हती. तिथे उद्यासाठी राखणे म्हणजे शेजाऱ्याला दान देणे होते.

सैन्य जे करू शकले नाही ते हळूहळू टेक्सास रेलरोड कमिशनने केले. १८९१ साली रेल्वेच्या नियमनासाठी स्थापन झालेल्या या मंडळाकडे तेलाचे काम नंतर आले. त्याने प्रत्येक विहिरीला उत्पादनाचा कोटा ठरवून दिला आणि १९३५ च्या केंद्रीय कायद्याने कोट्याबाहेरचे चोरटे तेल राज्याबाहेर नेण्यावर बंदी आल्यावर त्या कोट्याला धार चढली. भाव सावरले. पुढची काही दशके जगाच्या तेलबाजाराचा तोल या मंडळाच्या मासिक आदेशांवर बराचसा अवलंबून होता. व्हेनेझुएलाचे तेलमंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्झो यांनी त्याच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला होता आणि १९६० साली बगदादमध्ये ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेची स्थापना झाली तेव्हा त्यांच्यापुढे तोच नमुना होता. ओपेकला मक्तेदारीची शिकवण खुद्द टेक्सासने दिली, हे अमेरिकी राजकारणी सहसा बोलून दाखवत नाहीत.

पण कोट्याने भाव सावरले म्हणजे साठ्याचा नाश थांबला, असे नाही. कोटा विहिरीवर बांधलेला असेल तर अधिक कोटा मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे अधिक विहिरी. पूर्व टेक्सासमध्ये कालांतराने ३० हजारांवर विहिरी खणल्या गेल्या, त्यातल्या बहुसंख्य तेल काढण्यासाठी आवश्यकच नव्हत्या. खरा उपाय अभियंत्यांना आणि हेन्री डोहर्टी यांच्यासारख्या उद्योजकांना १९२० च्या दशकातच दिसला होता : संपूर्ण साठा एकाच चालकाच्या हाती सोपवावा, खर्च आणि उत्पन्न ठरलेल्या हिश्शांनी वाटून घ्यावे. यालाच युनिटायझेशन म्हणतात. त्यात एकूण तेल वाढते, विहिरींचा खर्च वाचतो, म्हणजे सर्वांचाच फायदा होतो. मग लोक ते आपण होऊन का करत नाहीत?

या प्रश्नाला गॅरी लिबकॅप आणि स्टीव्हन विगिन्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात हात घातला आणि या विषयावरचे सर्वांत मोलाचे संशोधन मी त्यांचेच मानतो. त्यांनी सिद्धान्त रचण्यापूर्वी टेक्सासच्या तेलक्षेत्रांमधल्या प्रत्यक्ष वाटाघाटींचे कागद तपासले. १९७५ सालीसुद्धा पूर्ण क्षेत्राच्या युनिटमधून येणारे उत्पादन ओक्लाहोमात ३८ टक्के आणि टेक्सासमध्ये अवघे २० टक्के होते, तर वायोमिंगमध्ये ते ८२ टक्के होते. भूशास्त्र तेच, अर्थशास्त्राचे नियम तेच, मग हा फरक कशाचा? लिबकॅप आणि विगिन्स यांचे उत्तर माहितीच्या विषमतेकडे बोट दाखवते. विहिरी खणून झाल्या की प्रत्येकाला आपल्या तुकड्याविषयी काही खासगी माहिती मिळते. उरलेल्या तेलाचा अंदाज मोजणीतून नव्हे, अर्थ लावण्यातून येतो आणि प्रत्येक पक्ष आपल्या तुकड्याचा अर्थ उदारपणे लावतो. ज्याची जागा खडकाच्या रचनेमुळे मोक्याची आहे, ज्याच्याकडे शेजाऱ्यांचे तेल आपोआप वाहत येते, त्याला एकत्र येण्याची घाई नसते. अशा वाटाघाटी वर्षानुवर्षे चालतात आणि शेवटी अर्धवट तोडग्यावर येऊन थांबतात. पश्चिम टेक्सासमधल्या स्लॉटर क्षेत्रात एका युनिटऐवजी किमान २८ उपयुनिटे झाली आणि एकाचे तेल दुसऱ्यात सरकू नये म्हणून त्यांच्या हद्दींवर पाणी आत सोडणाऱ्या ४२७ विहिरी खणाव्या लागल्या. त्यांचा भांडवली खर्च १५ कोटी ६० लाख डॉलर झाला. जमिनीखाली पाण्याची कुंपणे घालण्यासाठी एवढा पैसा गेला, हे आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवले की आणखी फारसे समजावून सांगावे लागत नाही.

वायोमिंगमध्ये जमीन बरीचशी केंद्र सरकारची होती. तिथल्या भाडेपट्ट्यांच्या व्यवस्थेत शोध सुरू होण्याआधीच युनिटचा करार करण्याला उत्तेजन होते. विहीर खणलेलीच नसल्यामुळे कोणाकडेही लपवण्यासारखे काही नव्हते आणि एकराच्या प्रमाणात हिस्सा मान्य करायला कोणाची हरकत नव्हती. अज्ञान समसमान होते म्हणून करार झाला.

हेच शहाणपण उत्तर समुद्रात दोन राष्ट्रांनी दाखवले. ब्रिटन आणि नॉर्वे यांनी मार्च १९६५ मध्ये सागरतळाची विभागणी केली तेव्हा नॉर्वेच्या बाजूला काहीच सापडलेले नव्हते. तरीही एकच भूरचना सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली निघाली तर तिचा विकास आणि उत्पन्नाची वाटणी परस्पर संमतीने ठरवू, असे कलम त्यांनी त्याच करारात घातले. १९७१ मध्ये फ्रिग हे वायूक्षेत्र सीमेवरच सापडले, १९७६ मध्ये त्याचा स्वतंत्र करार झाला, सुमारे ६१ टक्के नॉर्वेचे आणि ३९ टक्के ब्रिटनचे असे ठरले आणि पुढच्या वर्षी वायू वाहू लागला. याउलट इराण आणि कतार यांच्यामध्ये जगातला सर्वांत मोठा वायूसाठा पसरलेला आहे आणि दोघे आपापल्या बाजूने स्वतंत्रपणे उपसा करतात.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवूच नये, असे वरवर पाहता वाटते. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार समुद्राखालील खनिजे केंद्र सरकारकडे निहित आहेत आणि नैसर्गिक वायूवर जनतेच्या वतीने सरकारची मालकी आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० च्या निकालात स्पष्ट केली. मालक एकच, मग शर्यत कसली? मालक एक असला म्हणजे उपसा शहाणपणाने होतोच, हेही खरे नाही. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रात चालक एकच होता, तरी परकीय चलनाच्या ओढाताणीत १९८० च्या दशकात तिथून जास्त वेगाने तेल काढल्याची टीका झाली आणि पुढे पुनर्विकासाचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. पण तो वेगळा विषय आहे. सामाईक साठ्याची शर्यत मालकीपेक्षा उपशाच्या हक्काच्या सीमांमुळे जन्मते आणि १९९० च्या दशकाअखेर नव्या शोध धोरणाखाली समुद्र चौकटींमध्ये (ब्लॉकमध्ये) वाटला गेला, तेव्हा आपण अशा सीमा स्वतःच आखल्या.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातली हकिकत सर्वांना थोडीफार ठाऊक आहे. रिलायन्सच्या गटाकडे असलेल्या केजी-डी६ या चौकटीतून एप्रिल २००९ मध्ये वायू येऊ लागला. शेजारी ओएनजीसी या सरकारी कंपनीच्या चौकटी होत्या, त्यांचा विकास झालेला नव्हता. दोन्हीकडचे साठे जोडलेले आहेत, असे ओएनजीसीने २०१३ मध्ये कळवले आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. डीगॉलियर अँड मॅकनॉटन या सल्लागार संस्थेने २०१५ अखेर दिलेल्या अहवालानुसार ३१ मार्च २०१५ पर्यंत सुमारे ११.१२ अब्ज घनमीटर वायू ओएनजीसीच्या बाजूने सरकला होता आणि त्यातला ८.९८ अब्ज घनमीटर काढला गेला होता. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा समितीने ऑगस्ट २०१६ मध्ये सांगितले की या लाभाची भरपाई ओएनजीसीला नव्हे, सरकारला मिळाली पाहिजे. नोव्हेंबरमध्ये सरकारने सुमारे १.५५ अब्ज डॉलरची मागणी केली. जुलै २०१८ मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक मताने ती फेटाळली : विहिरी कराराच्या क्षेत्रात आहेत, तर वायू मुळात कुठून सरकत आला यावरून तो काढण्याला करार मनाई करत नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी हा निवाडा कायम ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये खंडपीठाने तो प्रस्थापित कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सरकारची मागणी २.८१ अब्ज डॉलरवर गेली.

लवादाच्या बहुमताचा युक्तिवाद वाचताना मला १८८९ चे पेनसिल्व्हेनिया आठवते. कोणाच्या बाजूने निकाल लागावा हे मी इथे सांगणार नाही, ते काम न्यायालयाचे आहे. करारात संयुक्त विकासाची तरतूद होती. पण ती कोणी, कधी आणि कोणत्या पुराव्यावर अमलात आणायची, याची आपोआप सुरू होणारी व्यवस्था नव्हती. दोन्ही बाजूंची भूकंपीय (म्हणजे कंपनलहरी सोडून मिळवलेली खडकांच्या रचनेची) आणि विहिरींची माहिती ज्याच्याकडे येते असा एकच पक्ष होता, तो म्हणजे १९९३ मध्ये सरकारी ठरावाने स्थापन झालेले हायड्रोकार्बन महासंचालनालय. ते मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करते. २००६ च्या स्वतंत्र कायद्याने आलेले पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आपल्याकडे आहे खरे, पण त्याच्या कक्षेतून तेल-वायूचे उत्पादन वगळलेले आहे. वाहिन्यांवर त्याचा अधिकार चालतो, विहिरींवर नाही.

२०१६ च्या धोरणाने उत्पादन-वाटणीऐवजी महसूल-वाटणी आणली आणि त्यानंतर कंपन्यांना आपल्या पसंतीची चौकट स्वतःच आखून मागण्याची मुभा मिळाली. शोधाला चालना देण्यासाठी हे योग्यच होते. पण ज्या कंपनीने जुनी भूकंपीय माहिती अधिक बारकाईने वाचली असेल ती आपली रेषा साठ्याच्या कोणत्या अंगाने आखील, हे लिबकॅप आणि विगिन्स वाचलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून माझी मागणी तपशिलाची आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या करारांत एकाच मजकुराचे कलम असावे, साठे जोडलेले असल्याचा संशय आला की ठरलेल्या मुदतीत तटस्थ तज्ज्ञाची नेमणूक आपोआप व्हावी, त्याचा अहवाल येईपर्यंत सीमेलगतच्या विहिरींचे उत्पन्न वेगळ्या खात्यात जमा व्हावे, आणि शेजारची चौकट त्या दिवशी रिकामी असली तरी तिचा हिस्सा सरकारच्या नावे मोजला जावा. ही कलमे बोली मागवण्यापूर्वीच्या मसुद्यात असली पाहिजेत, कारण पहिली विहीर खणल्यानंतर त्यांवर सही करायला कोणीही राजी होणार नाही.