अवरग्लास आणि नाकारलेली टेप

नमस्कार मंडळी! आज ज्या बँडबद्दल बोलणारे त्याचं नाव अवरग्लास, आणि ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं ब्लूज मिसळलेलं रॉक, ऐकणाऱ्यांतही हे नाव फारसं कुणी काढत नाही.

ड्युएन आणि ग्रेग ऑलमन, सख्खे भाऊ, फ्लोरिडातल्या डेटोना बीचला वाढलेले, आणि सोबत अलाबामाची पोरं. 1967 साली हे सगळे लॉस एंजेलिसला गेले, लिबर्टी रेकॉर्ड्सशी करार झाला आणि तिथूनच घोळ सुरू झाला. पोरांच्या बोटांत ब्लूज, कंपनीला हवा पॉप. गाणी कुठली करायची, तर दुसऱ्यांच्या डेमोंचं, म्हणजे गाण्यांच्या कच्च्या नमुन्यांचं, खोकं पुढ्यात ठेवलं, घ्या यातलं काय हवं ते! अंगावर भडक सायकेडेलिक कपडे, आणि वर हुकूम की शो जास्त करायचे नाहीत. अहो, मग बँड आणला कशाला?

त्याच दिवसांत ड्युएन घोड्यावरून पडला, डावं कोपर दुखावलं, त्यात सर्दी. धाकट्या ग्रेगने कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्या आणून दिल्या. यानं गोळ्या काढल्या, काचेची बाटली रिकामी केली, बोटात अडकवली आणि गिटारच्या तारांवरून सरकवायला लागला. पुढे जगाने डोक्यावर घेतलेली त्याची स्लाइड गिटार ती हीच!

दोन अल्बम आले, दोन्ही पडले. दुसरा त्यातल्या त्यात बरा, पण गिटारला तोंड दाबून बसवल्यासारखी वाटते. मग एप्रिल 1968 मध्ये ही मंडळी सरळ अलाबामात, मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत गेली आणि ब्लूजवाल्या बी. बी. किंगच्या गाण्यांची मेडली, म्हणजे एकात एक गुंफलेली गाणी, आपल्या पद्धतीने वाजवून टेप केली. कंपनीला ऐकवली. नको म्हणाले. बँड फुटलाच मग.

पुढच्याच वर्षी भावांनी ऑलमन ब्रदर्स बँड काढला, ते तुम्हाला माहितीये. ड्रमर जॉनी सँडलिन आणि कीबोर्डवाला पॉल हॉर्न्सबी दोघंही नंतर जॉर्जियातल्या मेकनच्या कॅप्रिकॉर्न या रेकॉर्ड कंपनीत प्रोड्यूसर झाले, मार्शल टकर बँड या दुसऱ्या सदर्न रॉक बँडचे सुरुवातीचे अल्बम हॉर्न्सबीनेच प्रोड्यूस केलेले. ती मेडली मात्र 1972 मध्ये बाहेर आली, तोवर ड्युएन मोटरसायकल अपघातात गेला होता, फक्त 24 वर्षांचा.

तर आता तीच टेप लावतोय. गाणारा ग्रेग तेव्हा 20 वर्षांचा होता, आवाज ऐका आणि सांगा खरं वाटतं का.