चोरीची मोटर

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशीचा लांब तंतू. आतून हिरवे ठिपके सरकताहेत.)

हे सरकणारे हिरवे ठिपके म्हणजे ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिस सिंप्लेक्स विषाणूची कवचं. व्यास जेमतेम १२५ नॅनोमीटर. एका प्रथिनाला चकाकता रंग जोडलाय, म्हणून ती दिसताहेत. सगळी एकाच दिशेनं निघालीत, पेशीच्या केंद्रकाकडे.

तिथं गेल्याशिवाय या विषाणूचं काहीच चालत नाही. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे दीड लाख अक्षरं आहेत, पण ती वाचणारी यंत्रणा केंद्रकात असते. आणि केंद्रक असतं दूर. ओठाच्या त्वचेत विषाणू शिरला, तर तिथल्या संवेदी मज्जातंतूच्या टोकापासून त्या पेशीचं केंद्रक थेट कवटीच्या तळाशी, काही सेंटिमीटरवर. पेशीच्या आत इतकी दाटी असते, की एवढ्या मोठ्या कवचाला नुसतं तरंगत हे अंतर कापणं अशक्यच.

मग तो जातो कसा?

(दृश्य: पेशीच्या पटलाला चिकटलेला विषाणू. त्याचं बाहेरचं आवरण पटलात मिसळून जातं.)

बाहेरचं स्निग्ध आवरण दारातच राहतं. आत येतं ते कवच, अंगावर मोजकी प्रथिनं घेऊन. पेशीत सूक्ष्मनलिका पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावरून मोटर-प्रथिनं माल वाहतात. डायनीन आतल्या दिशेनं चालतं, कायनेसिन बहुतेक बाहेरच्या. कवच आपल्या अंगावरच्या प्रथिनांनी डायनीनला पकडतं. बेआटे झोडाइक आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं, की सूक्ष्मनलिका मोडून टाकल्या तर केंद्रकापर्यंत पोहोचणारी कवचं फार कमी होतात. नलिका शाबूत असतील तर वेग सेकंदाला एक-दोन मायक्रोमीटर. या वेगानं ओठापासूनची वाट दिवसभरात सरते.

पण डायनीन नेतं ते सेंट्रोसोमपर्यंत, जिथं नलिकांची टोकं एकवटतात. केंद्रक अजून थोडं पलीकडेच असतं, आणि तिकडे जायचं तर उलट दिशेनं चालणारी मोटर हवी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली याचं उत्तर दिलं आणि मला तरी ते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत थक्क करणारं वाटतं. विषाणू ही मोटर मज्जापेशीत शोधत बसत नाही. आधी ज्या त्वचेच्या पेशीत तो वाढला, तिथलं कायनेसिन तो सोबत घेऊन निघालेला असतो. एका पेशीतून पळवलेली मोटर दुसऱ्या पेशीत वापरायची!

(दृश्य: केंद्रकाच्या पटलावरचं छिद्र. त्यावर कवच येऊन टेकतं.)

आता इथं थांबून नीट पाहा. केंद्रकाच्या छिद्रातून हे कवच आत मावत नाही. ते बाहेरच टेकतं. वीस पृष्ठभाग आणि बारा कोपरे असलेल्या या कवचाच्या एकाच कोपऱ्यात डीएनएसाठी दार आहे. आत डीएनए इतका गच्च भरलेला, की दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या सुमारे १८ पट, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट. दार उघडतं आणि डीएनएचा धागा त्या दाबानं केंद्रकात घुसू लागतो. रिकामं कवच बाहेर उरतं.

मज्जापेशीत तो डीएनए वर्षानुवर्षं निजून राहतो. असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढण्याचं काम रोखतं. निजलेला डीएनए प्रतीच काढत नसतो, त्यामुळे त्याला ते हात लावू शकत नाही. म्हणून तर फोड बरा होतो आणि पुन्हा उठतो.

तेव्हा विषाणूला वाटेतच अडवता आलं तर? पीयूएल-३७ नावाच्या प्रथिनाचा एक भाग बदललेले हर्पिस विषाणू प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. त्वचेच्या पेशींत ते वाढतात. मज्जातंतूत मात्र त्यांची चाल बिघडते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते मज्जासंस्थेत शिरकाव करू शकले नाहीत. शरीराला विषाणूची ओळख पटावी, पण त्याला मुक्कामाला जागा मिळू नये, अशी लस बनवण्याचे प्रयत्न याच धाग्यावरून चालू आहेत.