पॉज दाबणारी आजी

नेरूळमधली एक सोसायटी, संध्याकाळचे साडेसहा, आईची पनवेल लोकल अजून मानखुर्दलाच असेल आणि बाबा मर्चंट नेव्हीत, म्हणजे ते तर कित्येक महिने बोटीवरच. घरात आजी, पाच वर्षांचा नातू, त्याची वर्षाची बहीण झोपलेली, आणि टीव्ही चालू. तुम्ही म्हणाल झालं, पोरगं चिकटलं कार्टूनला. पण रिमोट कोणाकडे आहे ते बघा.

कार्टूनमधल्या अस्वलाने मित्राला ढकललं की आजी पॉज दाबते.
"काय रे, एवढा का चिडला तो?"
"त्याला खेळायला घेतलं नाही ना."
"तू काय केलं असतंस?"
"मी पण ढकललं असतं!"
आजी ओरडत नाही. "आणि जो पडला त्याला कसं वाटलं असेल?" एवढंच विचारते आणि पुन्हा प्ले.

अमेरिकेतल्या टेक्सास टेक युनिव्हर्सिटीचा 2016 मध्ये आलेला एक अभ्यास आहे, त्यात दोन ते सहा वर्षांच्या मुलांना दोन आठवडे भावनांवरचं कार्टून दाखवलं, तर दुसऱ्याचं दुःख समजणं वगैरे वाढलं खरं, पण ज्यांच्या घरी टीव्हीत काय दिसलं त्यावर नेहमी गप्पा होतात त्याच मुलांमध्ये. म्हणून त्या महागड्या एज्युकेशनल ॲपच्या जाहिरातींना मी तरी फार भाव देत नाही, शेजारी बसून बोलणारं माणूस त्यात येत नाही ना.

आता धाकटीचं काय? जागतिक आरोग्य संघटना म्हणते दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड वर्षाच्या आत व्हिडिओ कॉलची तेवढी सूट देते. त्यामुळे रेंज मिळाली की बाबा फोनवर, ते तिकडून टाळ्या वाजवतात, इकडे आजी बाळाचे हात धरून वाजवते.

रविवारी बिल्डिंगमधली पोरं डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगोंचं शूटिंग करायला निघाली. फोन एकच, त्यामुळे आधी भांडण, मग ठरलं की पाळीपाळीने, आणि एकजण शूट करताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. ठरलं म्हणजे काय, व्हिडिओत फ्लेमिंगो कमी आणि "आता माझी पाळी" हेच जास्त ऐकू येतं, मागे कोणीतरी रडतंय पण. बाबांनी तो बोटीवर बघितला आणि पक्ष्यांचं काहीच न विचारता म्हणाले, "अरे, ती रडत होती तिला मिळाला का फोन?"
"मिळाला ना. पण तोपर्यंत बॅटरी संपली."