दडे

अध्यक्ष महाराज आणि परभणीकर मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'कंठकर्णनलिका : रचना व विकार'. तो वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे सोसायची तयारी आहे. (हशा) दवाखान्यात आजवर एकही माणूस 'माझी कंठकर्णनलिका बिघडली' म्हणत आला नाही. तो म्हणतो, 'कानाला दडे बसलेत.' माझा विषय तोच, आणि म्हणणं एवढंच की दडे बसतात कानाला, पण चोर असतो नाकात.

माझे चुलते, जिंतूरच्या बाजूचे, आम्ही तात्या म्हणतो. एका वर्षी तुरीची रास झाली, मळणीयंत्राचा भुसा नाकातोंडात गेला आणि सर्दी धरली. सर्दी ओसरली, उजवा कान मात्र बंद. काकूंनी तेलात लसूण करपेपर्यंत कढवून कानात सोडला. घरात कुणी जवळ बसेना, कानाला फोडणीचा वास! मग तात्या बाजारात कान कोरणाऱ्यापुढं बसले. त्यानं सळई फिरवून हरभऱ्याएवढा खडा काढून दाखवला. माझा संशय असा, की तो खडा एकच असतो आणि सकाळपासून सगळ्यांच्या कानातून निघतो. (हशा) शेवटी तालुक्याच्या एका दुकानदारानं कानाची तपासणी न करता 18 हजारांचं ऐकायचं यंत्र गळ्यात मारलं. माझा राग तेलावर नाही, सळईवरही नाही एवढा. या 18 हजारांवर आहे. एक पोतं तूर विकून भागत नाही त्यात!

यंत्र लावूनच तात्या माझ्याकडं आले. म्हणाले, 'आवाज मोठा झालाय रं, पर लांबूनच यायलाय.' बघा, पुस्तकात इतकं नेमकं लक्षण लिहिलेलं नसतं. दुर्बिणीतून पाहिलं तर पडदा आत ओढलेला आणि त्याच्यामागं मधासारखं पिवळसर पाणी. मी विचारलं, 'नाक कसंय?' तर म्हणाले, 'नाक महिनाभर बंदच हाय. पर नाकासाठी कोण डॉक्टरकडं येतंय?'

आता ही टेबलावरची बाटली. तोंडाला लावून हवा ओढतो. (बाटली कडकड वाजत आत दबते.) झालं, पडद्याचं असंच होतं. पडद्यामागच्या पोकळीतली हवा तिथलं अस्तर हळूहळू शोषत राहतं. ती भरून काढायला एक नळी आहे, हीच पत्रिकेतली कंठकर्णनलिका, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची, नाकाच्या मागं उघडणारी. एरवी मिटलेली असते. आवंढा गिळला, जांभई दिली की टाळूचा स्नायू तिला ओढतो आणि क्षणभर वाट मोकळी होते. मागच्या रांगेतले दोघं मघापासून जांभया देतायत. विषय प्रयोगासह समजून घेणारे सभागृहात तेवढेच. (हशा) सर्दीनं नळीचं तोंड सुजलं की नवी हवा जात नाही, आतली शोषली जाते, पडदा आत बसतो आणि पुढं पाणी साठतं. वरून घातलेलं तेल पडद्यापाशीच थांबतं. आणि पडद्याला भोक असेल तर ते घालूच नये.

कन्नडचा घाट आठवा. चाळीसगावकडं उतरताना कान बंद होतात, येताना चढावर तितका त्रास नाही. चढताना बाहेरचा दाब घटतो, आतली हवा आपसूक निघते. उतरताना मात्र हवा आत घ्यावी लागते आणि त्यासाठी नळी उघडावी लागते. आई चिंचेची गोळी द्यायची ती मळमळीसाठी. पण लाळ सुटायची, गिळणं व्हायचं, कान सुटायचा.

या नळीला इंग्रजीत नाव मिळालं बार्तोलोमेओ युस्टाची या 16व्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं. पण मला आवडतो तो ग्वीयो. व्हर्सायचा पोस्टमास्तर. स्वतःचा कान मोकळा करायला यानं तोंडातून वाकडी नळी घालून या वाटेशी खटपट केली आणि 1724 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. पोस्टमास्तर! अडकलेलं पोचवायची सवय, दुसरं काय...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू.

लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून नाकातलं कानात लवकर जातं. त्यात नाकामागच्या गाठी वाढल्या की पोरगं तोंड उघडं टाकून झोपतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, आणि गुरुजी म्हणतात लक्ष नाही. लक्ष आहे हो, ऐकू येत नाही! पाणी महिनोन्‌महिने हटलं नाही तर पडद्यात बारीक नळी बसवतात, ती साधारण वर्षभरात आपोआप पडते. मोठ्यांचे सर्दीचे दडे बहुधा दिवसांत, आठवड्यांत सुटतात. ॲलर्जी असेल तर नाकातला फवारा डॉक्टरच्या सल्ल्यानं, नेमानं. नाक चटकन मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांवर नकोत, नाक उलट जास्त चोंदतं. कान सुटायला नाक दाबून फुंकायचं तर हळू, आणि नाक शेंबडानं भरलेलं असताना नाही. एक कळीची गोष्ट, चिठ्ठी पुन्हा आली तरी सांगतो: मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठून हटत नसेल तर नाकाच्या मागं दुर्बीण घालून बघायलाच हवं. तिथं गाठ लपलेली असू शकते.

तात्यांचंही बघितलं, गाठ नव्हती. नाकावर उपचार केले, काही आठवड्यांनी भाकरी खाताना कानात टक् झालं आणि स्वयंपाकघरातल्या काकू स्पष्ट ऐकू आल्या. यंत्र त्यांनी परत केलं नाही. काकू बोलायला लागल्या की अजून घालतात, बंद करून.