मूळ गाव कुठलं?

(रामकुंड, सकाळ. ओल्या पायऱ्या. कॅमेरा ओसरीत शिरतो.)

"मूळ गाव कुठलं?"

अस्थी घेऊन आलेल्या माणसाला गुरुजी आधी हेच विचारतात. मग आडनाव, मग आजोबांचं नाव. तेवढ्यावर ते आत जातात आणि फडताळातून नेमकी एक वही काढून आणतात. वह्या गावांप्रमाणे लावलेल्या आहेत, म्हणून आधी गाव.

ही नामावळ. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. नीट बघा, लिहिणारे गुरुजी नाहीत. आलेल्यानं आपल्या हातानं लिहायचं असतं. कोण गेलं, कधी गेलं, मागे कोण कोण आहे. खाली सही, नाहीतर अंगठा. दौत गेली, बॉलपेन आलं. मोडी गेली, बाळबोध आली. लिहायचं काय, ते मात्र बदललं नाही.

हे पान 2021 चं.

(पान. आठ सेकंद निवेदन नाही.)

या पानावर सगळं आहे, फक्त माणूस कशानं गेला ते नाही. गुरुजींना ते लागतही नाही. श्राद्धाला तिथी पुरते. कारण लिहून ठेवायचं काम दुसऱ्या एका वहीचं. आम्ही त्या वहीच्या शोधात गेलो.

(जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी. रांग. शिक्क्याचा आवाज.)

1969 च्या कायद्यानं मृत्यूची खबर 21 दिवसांत द्यावी लागते. मृत्यू दवाखान्यात झाला तर डॉक्टर नमुना 4 भरतात, घरी झाला तर शेवटचे उपचार करणारे डॉक्टर नमुना 4-अ. साधा एक कागद, पण कोरोनाच्या साथीचा सगळा हिशेब यावर उभा राहतो, म्हणून तो जवळून दाखवतो आहोत.

या तीन ओळी. पहिलीत जीव गेला ते तात्काळ कारण, दुसरीत त्याच्या आधीचं आणि सगळ्यांत खाली मूळ कारण. हृदय बंद पडलं, हे उत्तर इथे चालत नाही. मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच. न्यूमोनियानं माणूस गेला आणि न्यूमोनिया कोरोनानं झाला, तर तळाच्या ओळीत कोरोना हवा. मधुमेह, रक्तदाब यांची जागा खालच्या वेगळ्या भागात. साथीच्या दिवसांत ही तळाची ओळ भरायला किती ठिकाणी डॉक्टर होता? 2020 मध्ये देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यांतल्या अवघ्या साडेबावीस टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं.

(ऑक्सिजनची टाकी, खालून वर.)

21 एप्रिल 2021. याच शहरात एका रुग्णालयाच्या टाकीला गळती लागली, प्राणवायूचा दाब पडला आणि 22 रुग्ण गेले. टाकी ही तीनपैकी कुठल्याच ओळीत बसत नाही.

मग एकूण किती गेले? जगभरच्या सरकारांनी कळवलेला आकडा 70 लाखांच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं दुसऱ्या वाटेनं मोजलं: एरवी इतक्या काळात किती माणसं गेली असती, आणि प्रत्यक्षात किती गेली. मधला फरक म्हणजे साथीचे जादा मृत्यू. 2020 आणि 2021 या दोनच वर्षांसाठी तो निघाला सुमारे 1 कोटी 49 लाख. त्यात भारताचे 47 लाख. त्या दोन वर्षांचा आपला अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता. केंद्र सरकारनं या पद्धतीवर हरकत घेतली.

नामावळीत लोक सवडीनं येतात, दोन वर्षांनीसुद्धा. सरकारी वहीचंही तसंच झालं. 2021 ची आकडेवारी बाहेर आली मे 2025 मध्ये. 2019 ला देशात 76 लाख मृत्यूंची नोंद होती, 2021 ला ती 1 कोटी 2 लाखांवर गेली. नोंदणी सुधारली, हाही त्यातला एक भाग आहे. पण सगळा फरक त्यानं भरून निघत नाही.

ज्यांच्या कागदावर कोरोना आला नाही, त्यांच्या घरच्यांना 50 हजारांच्या सरकारी मदतीसाठी समितीपुढे जावं लागलं.

(पुन्हा ओसरी. मोडी अक्षरांचं पान.)

शके 1840, आश्विन. म्हणजे 1918 चा ऑक्टोबर. पावसानं दगा दिलेलं साल आणि इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट. खेड्यापाड्यांत त्या तापाला मानमोडी म्हणत. देशात सव्वा कोटी गेले की पावणेदोन कोटी, शंभर वर्षांनंतरही तो वाद आहे. तो विषाणू संपला मात्र नाही. सौम्य होत हंगामी फ्लू होऊन माणसांत राहिला.

कोरोनाची वाट बरीचशी तशीच दिसते. 2021 च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉन या प्रकाराचेच वंशज अजून फिरताहेत. लस आणि होऊन गेलेला संसर्ग यांमुळे बहुतेकांना तो आता सर्दी-तापावर सोडतो. म्हाताऱ्यांना आणि आधीच आजारी असलेल्यांना सोडेलच असं नाही. मधूनमधून लहान लाटा येत राहतील. ठरलेला ऋतू त्याला अजून सापडलेला नाही.

(तपोवन, मलनिस्सारण केंद्र. फेसाळ पाणी, ड्रोनमधून.)

नवी लाट दवाखान्यात दिसायच्या आधी इथे दिसू शकते. संसर्ग झालेल्याच्या विष्ठेतून विषाणूचे अंश सांडपाण्यात उतरतात, चाचणी केलेली असो वा नसो. पोलिओसाठी मुंबईचं सांडपाणी 2001 पासून असं तपासलं गेलं. दर आठवड्याला इथली एक बाटली प्रयोगशाळेत जायला हवी, आणि ती सवय 2027 च्या सिंहस्थाआधी लागायला हवी. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात देशभरातली माणसं याच घाटावर उतरणार आहेत, आणि इथून आपापल्या गावी परतणार आहेत.

(रामकुंड, दुपार.)

लिहून झालं. गुरुजी शाई वाळू देतात, वही मिटतात, फडक्यात बांधतात. पायरीवर पुढचं घर येऊन थांबलं आहे. मुलाच्या हातात लाल कापडानं बांधलेला कलश.

"मूळ गाव कुठलं?"